काल काय खाल्लं, हे विचारून काय होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, नाहीतर याचं उत्तर मी आजवर तोंडीच देत आलेय, एसटीत, लग्नाच्या पंगतीत, पारावर. प्रश्न सगळ्यांचा साधारण एकच, की तुम्ही पोषणाच्या अभ्यासासाठी गावोगावी फिरता, गरोदर बायांना काल काय खाल्लं ते विचारता, पोरांची वजनं घेता, फॉर्म भरता आणि निघून जाता, त्यातून त्या बाईच्या ताटात काय पडतं? यवतमाळकडच्या एका आबाजींनी तर समोर बसवूनच विचारलं होतं, "काय वो बाई, पुसून पुसून का भेटते तुमाले? त्यापरीस थैलीभर डाळ-तांदूळ देऊन द्या न त्या पोरीले."

मला या प्रश्नाचा राग येत नाही. ज्याला गावातल्या लेकीसुनांची काळजी आहे तोच असं विचारतो.

पण देणं तर चालूच आहे न. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली, म्हणजे अंगणवाडीला पन्नास वर्षं झाली. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला रोज 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रोटीन जास्तीचं मिळावं असं कागदावर धरलेलं आहे, घरी नेण्याचा आहार आहे, लोहाच्या गोळ्या आहेत, 2018 पासून पोषण अभियान आहे. आणि तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचे आकडे बघा, 2015-16 ला पाच वर्षांखालची 34.4 टक्के मुलं उंचीने खुरटलेली होती, 2019-21 ला ती 35.2 टक्के झाली, उंचीच्या मानाने वजन कमी असलेली दोन्ही वेळा 25.6 टक्के, आणि रक्त कमी असलेली मुलं 53.8 वरून 68.9 टक्क्यांवर गेली. गरोदर बायांमधलं रक्त कमी असण्याचं प्रमाण जरा उतरलं, 49.3 वरून 45.7, पण म्हणजे अजूनही जवळपास दोघींत एक. धान्य गावात पोचतं. गावातून त्या बाईच्या तोंडापर्यंत ते पोचतं का, आणि नाही तर कुठं अडतं, हे तिला विचारल्याशिवाय कळायला दुसरा रस्ता नाही. माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे.

आता विचारतो म्हणजे काय करतो ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही "काय जेवलीस" म्हणतो, ती "भाजी-भाकर" म्हणते आणि आम्ही लिहून घेतो. तसं नसते ते. घड्याळाच्या अंगाने जावं लागतं, काल उठल्यावर तोंडात पहिलं काय गेलं, मग शेतात जायच्या आधी काय, डब्ब्यात काय नेलं, डब्ब्यातलं परत काय आणलं, संध्याकाळी आल्या आल्या काय. मग तिच्याच घरची वाटी आणि पळी मागायची, त्या वाटीत कालच्याइतकं पाणी ओतायला सांगायचं आणि ते आपल्या मापाच्या भांड्यात मोजायचं. भाकर असेल तर तिला पिठाचा उंडा हातात घेऊन दाखवायला लावायचा, तो वजनकाट्यावर ठेवायचा. वरण खाल्लं म्हणाली तर ते घट्ट होतं का पातळ, किती डाळ टाकली होती, घरात किती माणसं जेवली, आणि तिला वाढून घ्यायच्या वेळेस भांड्यात काय उरलं होतं. हा शेवटचा प्रश्न मी कधीच गाळत नाही. डाळ सकाळी एकच शिजते, पण नवऱ्याला आणि पोरांना वाढून झाल्यावर त्यात गरम पाणी पडते, मीठ-तिखट पडते, आणि सगळ्यांत मागून जेवणारी ते पाणी भाकरीसोबत खाते. फॉर्मवर दोघांच्याही नावापुढे "वरण, एक वाटी" एवढंच लिहिलं असतं तर नवरा आणि गरोदर बायको सारखंच जेवले असं दिसलं असतं. मग हे सगळं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांवर लावायचं, त्यात 528 खाद्यपदार्थांत काय किती आहे ते दिलेलं आहे, आणि तेव्हा कुठं तिला लोह किती मिळालं, प्रोटीन किती मिळालं याचा अंदाज येतो.

आणि असं विचारलं की फक्त कमीच दिसते असंही नाही. बाया शेतात जे तोंडात टाकतात ते सांगतच नाहीत. कापूस वेचताना धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची बोरं, ओल्या तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, पावसाळ्यात खुडून आणलेला कोवळा तरोटा, म्हणजे टाकळ्याची रानभाजी. एकीला मी दोनतीनदा खोदून विचारलं तेव्हा ती हसली, "वो ताई, ते का जेवण होय? ते तं असंच." पण आमच्या हिशोबात ते असंच नाही, तिच्या दिवसभरातलं सगळ्यात चांगलं खाणं कधीकधी तेच असते. शहरातून आलेला माणूस तिला पालक आणि सफरचंद खा म्हणून सांगून जातो, आणि तिच्या धुऱ्यावर काय आहे ते कोणी बोलतच नाही, याचं मला खरंच वाईट वाटते.

वेचणीचा हंगाम आमच्याकडे सगळ्यात अवघड. दिवाळीच्या आसपास कापूस फुटला की मजुरी किलोवर मिळते, म्हणजे जितकं वेचलं तितके पैसे, मग सहावा महिना असो का सातवा, बाई पाचला उठून स्वयंपाक करून, चहा पिऊन शेताला जाते आणि दुपारचं जेवण पंधरा मिनिटांत उरकते कारण बसलं की वजन कमी भरते. तिच्या मागे घरी दीड वर्षाचं लेकरू आजीजवळ असते. आजीच्या हातात पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा नाहीतर पोंगे, कारण आजीला चूल पेटवून दर दोन तासाला काही करून घालणं होत नाही, तिचेही गुडघे गेलेले असतात. अशा घरी "मुलाला चार वेळा खायला द्या" असं पोस्टर लावून काही होत नाही. कोण देणार, कधी देणार, हे आधी ठरवावं लागते, आणि वेचणीच्या महिन्यांत अंगणवाडी किती वाजेपर्यंत उघडी राहते हा तिथं भाजीपाल्यापेक्षाही मोठा प्रश्न आहे. मेळघाटात हेच आणखी कठीण होऊन बसते, कोरकू आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर कामाला खाली मैदानात उतरतात, लेकरं सोबत जातात, मग गावच्या अंगणवाडीच्या यादीत नाव असते आणि लेकरू दुसऱ्याच तालुक्यातल्या वीटभट्टीवर असते.

घरी नेण्याच्या आहाराचंही तसंच. पुडा गरोदर बाईच्या नावाने येतो पण घरात खाणारी तोंडं सात, सासू त्याचा शिरा करते आणि सगळ्यांना थोडा थोडा देते. यात सासूला नावं ठेवणं मला पटत नाही, एका घरात एकीनेच वेगळं करून खायचं आणि बाकीच्या पोरांनी बघायचं हे कोणत्या माऊलीला जमेल? म्हणून 2015 मध्ये आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना आली तेव्हा मला ती मनापासून आवडली, कारण त्यात गरोदर आणि स्तनदा मातेने अंगणवाडीत बसून एक वेळचं गरम, पूर्ण जेवण करायचं असं आहे. ताट समोर, खाणारी तीच. ही गोष्ट आहार वाटणाऱ्या माणसाला आपोआप सुचत नाही, घरात वाटणी कशी होते हे कोणीतरी बसून विचारलेलं असावं लागते.

लेकरांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मी अभ्यासाचं काम सोडूनही प्रत्येक घरी सांगते. सहा महिने पूर्ण झाले, उष्टावण झालं, की बाळाला वरणाचं वरचं पाणी पाजतात, पचायला हलकं म्हणून. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात, वर्षाच्या पुढे 550 च्या आसपास, आणि पोट केवढं, तर आठ किलोच्या बाळाचं जेमतेम एक पेलाभर. ते पाण्याने भरलं की बाळ रडत नाही, झोपते, आईला वाटते पोट भरलं. खालची डाळ भातात कुस्करून, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट, वरून थोडं तेल नाहीतर तूप, हे त्याच घरात त्याच पैशात होते. माया कमी नसते हो कोणाचीच, फक्त पळी वरवर फिरते.

आबाजींना मी तेव्हा गडचिरोलीचं सांगितलं होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथं गावागावात आधी विचारलं, मोजलं, की बाळं कधी मरतात, कशाने मरतात, मग गावातल्याच बायांना शिकवून 39 गावांत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेतली, वजन करणं, ऊब देणं, अंगावर पाजायला मदत करणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी खाली आलं, 1999 मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि 2011 पासून देशभरात आशाताई बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते ती त्याच कामाच्या पायावर. आबाजींच्या नातवाचं वजन घ्यायलाही आशाताई आलीच होती.

पुण्याकडे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम हॉस्पिटलच्या टीमने 1993 पासून सहा गावांतल्या बायांना असंच विचारलं. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोच्या आसपास, आणि दिसलं काय, तर नुसत्या एकूण कॅलरींपेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा पोटात जाते याचा बाळाच्या वाढीशी जास्त संबंध होता. मग मुंबईच्या वस्त्यांमध्ये दुसऱ्या एका टीमने 2006 पासून साडेसहा हजारांवर बायांना पालेभाजी, फळं आणि दुधाचा रोजचा नाश्ता देऊन बघितलं. सरसकट सगळ्यांच्या बाळांचं वजन वाढलं नाही. पण ज्यांनी दिवस जायच्या निदान तीन महिने आधीपासून तो खाल्ला त्यांची बाळं सरासरी 48 ग्रॅमने भरली, आणि तोही फायदा अगदी बारीक बायांमध्ये दिसला नाही. 48 ग्रॅम म्हणजे फार नाही, पण गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात खाऊ घालायला सुरुवात केली तर उशीर झालेला असू शकतो, हे त्यातून मला फार मोठं वाटते.

गोळ्यांचं राहिलं. लोहाच्या गोळ्या 180 दिवस घ्यायच्या, घरात डबीत पडून असतात. विचारलं तर कारणं पक्की असतात, मळमळते, शी काळी होते म्हणून भीती वाटते, आणि जास्त खाल्लं, ताकद वाढली तर बाळ मोठं होऊन बाळंतपण अडेल असं आजी सांगते. घेतलीच तर चहासोबत, आणि चहाने लोह अंगी लागत नाही, त्याऐवजी जेवणात लिंबू पिळलं तर लागते. शिवाय आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यामुळे रक्त कमी दिसलं की नुसत्या गोळ्या वाढवून चालत नाही, आधी तपासणी लागते. हे डबीतल्या गोळ्या मोजून कळत नाही, बाईजवळ बसावं लागते, आणि शक्यतो नवरा आणि सासू बाजूला नसताना.

आणि हो, फॉर्म भरून निघून जातो हे खरं नाही. दंडाच्या पट्टीवर 11.5 सेंटिमीटरच्या आत लेकराचा दंड भरला, म्हणजे लेकरू तीव्र कुपोषित निघालं, तर त्याच दिवशी सेविकाताईंना आणि आशाताईला सांगायचं, गरज पडली तर पोषण पुनर्वसन केंद्रापर्यंत आईसोबत जायचं, अभ्यास नंतर. लेकराला काट्यावर घालायला पुष्कळ आया नाही म्हणतात, नजर लागते म्हणून. तिथं मी वाद घालत नाही, काजळाची तीट लावू द्यायची, कपडे उतरवून करदोड्यासकट वजन घ्यायचं, आकडा मोठ्याने ओरडायचा नाही, आईच्या कानात सांगायचा.

सध्या आमचं काम नव्या सुनांकडे वळलंय. पोरीचं लग्न झालं की माहेरच्या गावातलं नाव सुटते, सासरी आहाराच्या यादीत ती येते गरोदर राहिल्यावर, आणि मधल्या त्या महिन्यांत ती काय खाते हे कोणीच मोजत नाही, सगळ्यांत मागून जेवायची सवय तिला नेमकी तेव्हाच लागते. यंदा वेचणी सुरू व्हायच्या आधी आम्ही त्यांच्या घरी जाणार, तीच वाटी, तीच पळी, आणि यावेळी सासूलाही सोबत बसवून, कारण भांड्यात काय उरवायचं हे तिच्याच हातात असते. तुमच्या गावात आलो तर दारात उभं ठेवू नका, तासभर लागतो.