दळणाचा वार

सोमवार

आज दळण. सिलिॲक हा असा आजार की गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनानं लहान आतड्याला इजा होते, म्हणून गहू कायमचा बंद ठेवावा लागतो. हा आजार असलेल्या माणसाच्या घरात आठवड्यातला सगळ्यात जपून काढायचा दिवस हाच.

कोल्हापुरात हे पथ्य कुणाला लागलं की घरातले पहिल्यांदा धसका घेतात तो चपातीचा. खरं तर चपाती सोडणं हा यातला सोपा भाग. शाळूची, म्हणजे ज्वारीची, भाकरी आपल्याकडं रोजचीच. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ आहे, गगनबावडा-राधानगरीकडची नाचणी आहे, वरी, राजगिरा, सगळ्या डाळी आहेत. यातल्या कशातही मुळात ग्लूटेन नाही. ते असतं गव्हात, सातूत म्हणजे बार्लीत, आणि राय नावाच्या परदेशी धान्यात. तरीही भाकरी-भातावर नेटानं राहणाऱ्या माणसाचं पोट सहा-सहा महिने ताळ्यावर येत नाही. अशा वेळी माझा पहिला प्रश्न एकच असतो: दळण कुठनं आणता?

हिशोब मांडून बघावा. एक ग्रॅम कणकेत साधारण 80 ते 100 मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. सिलिॲकच्या बहुतेक लोकांना दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या आत सोसतं. रोज 50 मिलिग्रॅम काही महिने पोटात जात राहिलं तर आतड्याला इजा होते. आता गिरणीत आपल्या आधी गहू निघालाय आणि दगडात, पत्र्यात, पीठ पडतं त्या कापडी नळीत राहिलेलं त्याचं पीठ किलोभर ज्वारीत फक्त दोन-तीन चमचे, म्हणजे 10 ग्रॅम, उतरलं असं धरू. दिवसाच्या तीन भाकऱ्यांना 200 ग्रॅम पीठ लागतं. त्यात 2 ग्रॅम कणीक आली, म्हणजे 160 ते 200 मिलिग्रॅम ग्लूटेन. ताटात गव्हाचा कणही दिसत नाही, आणि सोसण्याच्या मर्यादेच्या पंधरा-वीसपट पोटात गेलेलं असतं.

"मामा, याच्या आधी काय दळलंयसा?" हे विचारणं चांगलंच, पण तेवढ्यानं भागत नाही. आधी किलोभर तांदूळ फिरवून तो टाकून दिला तरी कापडी नळी झटकली जात नाही, आणि गिरणीच्या हवेत तर पीठ उडतच असतं. उपाय दोनच. गहू अजिबात न दळणारी गिरण जवळ असेल तर ती, नाहीतर घरघंटी. घरघंटी घेतली तर तिच्यात गहू एकदाही घालायचा नाही. घरातल्या बाकीच्यांची कणीक बाहेरून आणावी. "त्यांचं आधी दळू, मग पुसून घेऊ" हा सौदा करू नये. जाळीच्या भोकांतून आणि पिशवीच्या शिवणीतून पीठ निघत नाही. जुनी, वापरलेली घरघंटी तर घेऊच नये. घरघंटी परवडत नसेल तर तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून मिक्सरवर काढावा आणि स्वतंत्र चाळणीनं चाळावा. घावन-आंबोळीला तो पुरतो. ज्वारी मात्र मिक्सरवर भाकरीइतकी बारीक होत नाही.

दळणाआधी निवडणं. हे काम टीव्हीसमोर बसून करायचं नाही. उजेडात, पसरट ताटात, एका वेळी दोन मुठी. ज्वारीचा दाणा गोल, टपोरा, मोत्यासारखा. गव्हाचा लांबट, दोन्हीकडं निमुळता आणि पोटावर उभी खाच. एकदा ती खाच डोळ्यात बसली की बोट आपोआप तिकडं जातं. बाजरी बारीक असल्यानं चाळणीत गहू वर राहतो; ज्वारीत मात्र तो दाण्यांबरोबर खाली उतरतो, म्हणून ज्वारी हातानंच निवडायची, दोन वेळा. एकाच खळ्यावर, एकाच मळणी यंत्रात, एकाच पोत्यातून धान्य फिरत असतं, त्यामुळं किलोला पाच-दहा दाणे सापडले तर दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. निवडून झालं की धुऊन वाळवायचं. दाण्यावर बसलेली पिठाची धूळ त्यानंच जाते.

बेसनालाही हाच नियम. सुटं बेसन कुठल्या गिरणीतून आलं ते कळत नाही. हरभराडाळ आणून घरी दळावी.

खपलीबद्दल एक स्पष्ट सांगून ठेवायला हवं. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात खपलीचं पीक चांगलं आणि तिचं नावही मोठं. "खपली चालते, पचायला हलकी" असं दुकानात, नात्यात, अगदी दवाखान्याच्या बाकावरही ऐकायला मिळतं. खपली हा गहूच आहे आणि तिच्यात ग्लूटेन आहे. सिलिॲकला चालत नाही. थोडीसुद्धा नाही.

मंगळवार

हिंग.

रोजच्या फोडणीत चिमूटभर पडणारा हिंग शुद्ध नसतो. तो डिंक आणि पीठ घालून बांधलेला असतो, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. आमटी, कोशिंबीर, मेथीची भाजी, ताकाची फोडणी, लोणचं: दिवसाला पाच-सहा वेळा. डबीवर घटक वाचायचे. तांदळाचं पीठ लिहिलं असेल तर घ्यायची. नुसतं "खाद्य पीठ" लिहिलं असेल तर गव्हाचं धरून चालायचं. खडा हिंगही बांधलेला असू शकतो, दगडासारखा दिसतो म्हणून फसू नये.

कांदा-लसूण मसाल्यात हिंग असतोच. म्हणून वर्षाचा मसाला घरच्या हिंगानं करून घ्यावा, आणि मसाला कुटायच्या डंकावर नेताना तिथं गहू-डाळीचं पीठ निघत नाही ना, ते बघून घ्यावं. मिरची, धणे, खोबरं, तीळ यांत काही भानगड नाही.

न दिसणारा गहू आणखी कुठं बसलाय? मेतकुटात. थालीपिठाच्या भाजणीत. कुरडईत, ती तर गव्हाच्या चिकाचीच. सातूच्या पिठात. शेवयांत, रव्यात, लापशीत. माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरीत, कारण माल्ट बहुधा बार्लीचं. लघवीच्या जळजळीवर घरोघरी देतात त्या बार्लीच्या पाण्यात. चायनीज गाडीवरच्या सोया सॉसमध्ये. ओट्सही गव्हाच्या सोबतीनं पिकतात आणि साठवले जातात, म्हणून ग्लूटेन-फ्री छापलेलेच घ्यावेत, आणि तेही पोट पूर्ण सावरल्यावर.

पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहायचं तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणं किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन असावं लागतं. तसलं पीठ दिवसाला 300 ग्रॅम खाल्लं तरी 6 मिलिग्रॅमच्या पुढं जात नाही. यासाठी छापील शब्दाला किंमत आहे. "आमच्यात गहू नसतो" या तोंडी भरवशाला नाही.

बुधवार

भाकरी बिघडते त्याचं कारण एकच. पीठ धरून ठेवणारं ग्लूटेन तिच्यात नाही, म्हणून ते काम गरम पाण्यानं आणि तळहातानं करावं लागतं. कढत पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि धरून ठेवतो.

वाटीभर ज्वारीच्या पिठाला पाऊण वाटीच्या आसपास कढत पाणी. आधी अर्धी वाटी घालून उलथन्यानं कालवायचं, दोन मिनिटं झाकायचं, मग लागेल तसं पाणी घेऊन परातीत तळहाताच्या टाचेनं रगडायचं. तीन-चार मिनिटं, कंटाळा न करता. गोळा दाबल्यावर कडेला भेगा पडल्या तर अजून मळायला हवं. परातीत भुरभुरायला ज्वारीचंच पीठ. सवयीनं कणकेच्या डब्यात हात जातो, म्हणून तो डबा त्या ओट्यावर नकोच. थापताना मधे दाबायचं नाही, कडा बारीक करत यायचं, पण कडा फाटेल इतकी पातळ झाली तर वाफ तिथनं निसटते आणि भाकरी फुगत नाही. तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर असते. तिच्यावर लगेच पाण्याचा हात फिरवायचा आणि पाणी पुरतं सुकायच्या आत उलटायची. उशीर झाला की तडे जातात. दुसरी बाजू नीट भाजली की पहिली आचेवर.

पीठ दोन आठवड्यांच्या वर ठेवू नये. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग कितीही मळा, थापताना तुटतं. म्हणून दळण थोडं आणि वारंवार.

डब्याला न्यायची भाकरी दुपारपर्यंत कडक होते, ही शाळकरी मुलांची मोठी अडचण. तिला उकड बरी: वाटीभर पाण्याला उकळी, त्यात मीठ आणि चमचाभर तेल, वाटीभर तांदळाचं पीठ, गॅस बंद, दहा मिनिटं झाकण, मग गरम असतानाच मळणं. लाटायची असेल तर वाटीभर पिठाला चमचाभर इसबगोल मिसळावं. पाणी थोडं जास्त लागतं, पण पोळी गुंडाळली तरी मोडत नाही. पोरांना भाजीचा रोल करून देता येतो, आणि वर्गात वेगळं काही खातोय असं वाटत नाही. ही बाब लहान नाही.

पोळपाट, लाटणं, काटवट आणि चाळणी वेगळी हवी. लाकडाच्या रेषांत आणि जाळीच्या भोकांत कणीक बसते. स्टीलची भांडी घासली की चालतात.

गुरुवार

आधी तपासणी, मग पथ्य. हा क्रम चुकला की फार पुढं जाऊन अडतं.

सिलिॲकच्या रक्ततपासणीत टीटीजी-आयजीए ही या आजारात वाढणारी प्रतिपिंडं बघतात, सोबत रक्तातलं एकूण आयजीए, कारण ते मुळातच कमी असेल तर पहिला आकडा फसवा येतो. मोठ्यांमध्ये मग दुर्बिणीतून लहान आतड्याच्या सुरुवातीचा तुकडा काढून पाहतात. हे सगळं गहू खाणं चालू असतानाच करावं लागतं. गहू दोन-चार महिने बंद ठेवून तपासायला गेलं की रक्त आणि आतडं दोन्ही सुधारत आलेलं असतं, निदान होत नाही, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे पुन्हा गहू खायची वेळ येते. निदान झालं तर आई-वडील, भावंडं, मुलं यांचीही तपासणी करावी. त्यांच्यात दहात एकाच्या आसपास हा आजार निघतो, पुष्कळदा काही त्रास नसताना.

गहू आणि हा आजार यांचा संबंध नीट मांडला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञानं. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45 च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला आणि त्यांच्याकडची आजारी मुलं सुधारायला लागली. पाव परत आला तसा त्रासही परत आला.

तपासणीत सिलिॲक नाही, तरी गव्हानं पोट फुगतं, असेही बरेच असतात. त्यांच्यात दोष पुष्कळदा ग्लूटेनचा नसून गव्हातल्या फ्रुक्टान या साखरसाखळीचा असतो. आणि फ्रुक्टान कांद्यात, लसणातही भरपूर असतं. म्हणजे कोल्हापूरच्या माणसानं चपाती सोडली आणि रस्सा चालू ठेवला तर फरक कसा पडणार? "तिखट सोसत नाही" असं म्हणून मिरचीला दोष दिला जातो. अशांनी दोन-चार आठवडे कांदा-लसूण बंद करून बघावं. चव हवी तर एक युक्ती आहे: फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. अख्ख्या लसूणपाकळ्या तेलात तांबूस परतून काढून टाकाव्यात आणि त्याच तेलात फोडणी करावी. पाकळ्या रश्श्यात उकळल्या तर मात्र उपयोग नाही.

दूध. सिलिॲकच्या पुष्कळ लोकांना पथ्याच्या सुरुवातीचे काही आठवडे, कधी महिने, दूधही पचत नाही, आणि लोक घाबरतात की आता हेही गेलं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज आतड्याच्या केसांसारख्या उंचवट्यांच्या टोकाला तयार होतं. सिलिॲकमध्ये ते उंचवटेच झिजलेले असतात. ते परत वाढले की बहुतेकांना दूध पचायला लागतं. तोवर दही, ताक चालवून बघावं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचा धारोष्ण ग्लास थोडा लांबणीवर टाकायचा, एवढंच.

मोठ्यांचं आतडं पूर्ण भरून यायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात. सहा महिन्यांनी आणि वर्षानं टीटीजी पुन्हा बघायचं. आकडा उतरत नसेल तर गहू कुठून तरी जातोय. लोह, फॉलिक ॲसिड, बी-12, ड जीवनसत्त्वही तपासून घ्यावं. नुसत्या भात-पोह्यांवर राहिलं तर बद्धकोष्ठ होतं आणि लोह कमीच राहतं. नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शिअम असतं. सकाळी आंबील, संध्याकाळी गुळातला राजगिऱ्याचा लाडू, एवढं रोज जमतं.

शुक्रवार

औषधाच्या गोळ्यांत भराव म्हणून कधी गव्हाचा स्टार्च असतो. रोज चालणारी गोळी असेल तर औषध दुकानदाराला एकदा विचारून ठेवावं.

शनिवार

जत्रेचं जेवण. मटणाचं आळणी पाणी, नारळाचं दूध, काजू, तीळ, खसखस: पांढऱ्या रश्श्यात गव्हाचं काही नाही. तांबड्यात फक्त मसाल्यातल्या हिंगाचं बघायचं. भात आहेच. इतकं सुरक्षित जेवण फार थोड्या गावांत मिळत असेल, आणि मला याचा मनापासून आनंद वाटतो.

अडतं ते वाढताना. ज्या हातानं चपात्या वाढल्या त्याच हातानं भाकरी येते, आणि चपाती बुडवलेला रस्सा परत पातेल्यात जातो. म्हणून आचाऱ्याला आधी गाठायचं, पहिल्या पंगतीला, पातेलं उघडल्याबरोबर वाढून घ्यायचं, आणि भाकरी घरची न्यायची. महाप्रसादाला गव्हाची खीर असते. ती हात जोडून नाकारायची. "खावा की एक घास, काय हुतंय!" असं मायेनंच म्हणतात. त्यांना आजाराचं नाव सांगून उपयोग होत नाही. "डॉक्टरांनी गहू आयुष्यभर बंद केलाय, एका घासानं आतड्याला इजा होतीया" एवढं सांगितलं की पुष्कळदा तीच मावशी दुसऱ्या दिवशी तांदळाची खीर पाठवते.

मिसळीत गोम फरसाणाची आणि ब्रेडच्या चुऱ्याची. फरसाणात मैद्याचे तुकडे असतात, आणि शेव नुसती बेसनाची असली तरी समोशाच्या तेलात तळलेली असू शकते. मटकी आणि कट घरी करून घरची शेव घालणं बरं. लोणी डोशाच्या पिठात काही ठिकाणी मैदा घालतात. विचारल्याशिवाय खाऊ नये.

रविवार

आठवड्याची वही वाचायची. रोजच्या पानावर चारच गोष्टी हव्यात: काय खाल्लं, पीठ कुठल्या दळणातलं, बाहेरचं काही, आणि पोट कसं होतं. चुकून ग्लूटेन गेल्यावर त्रास कुणाला दोन तासांत होतो, कुणाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणून त्रास झाला की मागची तीन पानं उलटायची, नुसतं त्या दिवसाचं नाही. झालेल्या चुकीवर औषध नाही. पाणी, मीठ-साखरेचं पाणी, पेज, विश्रांती.

सोमवारसाठी दोन किलो शाळू, एक किलो नाचणी आणि अर्धा किलो हरभराडाळ काढून ठेवली. निवडायची आहे.