टायटल्सचे चाळीस सेकंद

बारा मिनिटांच्या आमच्या शॉर्टफिल्ममध्ये सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते पहिल्या चाळीस सेकंदांनी. फिल्म इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग कामगाराच्या रात्रपाळीवर होती. तो कामगार म्हणजे माझे काका.

टायटल्सखाली मला सत्तरच्या दशकातलं एक भावगीत हवं होतं. शूटिंगच्या आधीपासून तेच कानात होतं. महोत्सवाच्या अर्जात संगीताच्या हक्कांचं पत्र मागितलं, तेव्हा कायदा वाचला. रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं, चालीवरचा संगीतकाराच्या आणि शब्दांवरचा कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. म्हणजे प्रत्येकाची वेगळी परवानगी. गाणं सोडलं. मग विनामूल्य मिळणारी एक करुण बासरी लावून पाहिली. काकांचे हात सुताची कांडी बदलतायत आणि वर ती बासरी. आपण त्यांची कीव करतोय असं वाटलं, आणि ते मला अजिबात नको होतं.

बासरी काढल्यावर ट्रॅकवर मागाचा आवाज तेवढा उरला. तो डोळे मिटून ऐकला आणि संगीताचा शोध तिथेच थांबला.

मिनिटाला साधारण 120 ठोके. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या, तर दर बारा फ्रेमला एक ठोका. आठ ठोक्यांना एक नाव असं ठरवलं: चार सेकंद, एकूण दहा नावं. पण माग काही घड्याळासारखा चालत नाही, तिसऱ्या नावापासूनच अक्षरं मागे पडायला लागली. शेवटी वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठा करून प्रत्येक नाव हाताने ठोक्यावर बसवलं.

अक्षरांनी वेगळाच छळ मांडला. एकेक अक्षर उमटवायला गेलो, तर वेलांटी आधी आणि अक्षर नंतर येई, जोडाक्षरांचे पाय मोडत. अक्षरांत मोकळी जागा वाढवली की शिरोरेखा तुटे. आपली लिपी शब्द धरून चालते, तिला इंग्रजीसारखं सुटं करता येत नाही. सॉफ्टवेअरमधलं अक्षरं जुळवणारं टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई लिप्यांचं निवडल्यावर जोडाक्षरं सावरली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा खुल्या परवान्याचा फॉन्ट घेतला आणि अख्खं नाव, ते झाकणाऱ्या मास्कखालून डावीकडून उजवीकडे, मागावर आडवा धागा नेणारा धोटा सरकावा तसं काढलं. मराठी वळणाचा ल आणि श आलाय ना, हे प्रत्येक नावात तपासलं. आईवडिलांनी ठेवलेली नावं आहेत, ती नीटच दिसायला हवीत.

एक खटका मात्र सारखा मध्ये येत होता. रेकॉर्डिंगचा दोष समजून तो साफ करणार होतो. त्याआधी काकांना हेडफोन दिला. त्यांनी दहा सेकंद ऐकलं.

“अरं, ह्यो माझाच माग. पिकर झिजलाय त्याचा, कवापासनं सांगतोय बदला म्हणून.”

पिकर म्हणजे धोट्याला टोला देणारा मागाचा भाग. खटका तसाच ठेवला. शेवटच्या नावावर तो सगळ्यात मोठा येतो, आणि ते नाव काकांचं आहे.