अष्टमीच्या रात्री फिरवलेला दिवा

देवगडचा किल्ला बघायला आलेले लोक गणपतीचं दर्शन घेऊन दीपगृहाकडे वळायचे आणि वर चढले की बहुतेक सगळे एकच विचारायचे, "ह्याचा उजेड किती लांब जातो?" मी सांगायचो की लांबीइतकीच त्याची उघडझापही महत्त्वाची आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक दिव्याची लकाकण्याची आणि मिटण्याची लय वेगळी असते, आणि त्या लयीवरूनच बाहेरचा माणूस ओळखतो की हे देवगड. लोक मान हलवायचे. खरं सांगायचं तर 1996 च्या गोकुळाष्टमीपर्यंत मलाही ते नुसतं पाठ होतं.

मी मूळचा नगरकडचा. नोकरी लागेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. पण ही जागा पहिल्या आठवड्यातच मनात बसली. किल्ला आंग्र्यांनी 1705 मध्ये बांधलेला, 1818 मध्ये इंग्रजांकडे गेलेला, आणि दिवा 1915 चा. तटावर उभं राहिलं की एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला जमिनीच्या कुशीत शिरलेलं शांत बंदर. वारा पिसाळला की लांबलांबच्या होड्या इथे आसऱ्याला येतात. तो आसरा रात्री सापडायचा तर दिवा हवा. त्या काळी आमच्याकडच्या लहान होड्यांवर होकायंत्र आणि तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची नजर, एवढंच साधन असे.

अष्टमीच्या दुपारी सुट्टी म्हणून बरीच माणसं आली होती. एका मुलीने विचारलं, दिवसा काचेला आतून पडदे का? भिंगं आतला उजेड गोळा करून बाहेर झोत पाठवतात, तशीच ती बाहेरचं ऊन गोळा करून आत आणतात. पडदा नसेल तर ते ऊन एका ठिकाणी एकवटून आतलं सामान जाळू शकतं. तिने पडद्याला हात लावून पाहिला. सहाला सगळे उतरले, मावळतीला आम्ही पडदे काढले, दिवा लागला.

दहाच्या सुमाराला मी खाली नोंदवही लिहीत होतो. खिडकीतून समोरच्या झाडावर दर फेरीला जो पुसट उजेड सरकायचा, तो सरकेना. वर धावलो. दिवा जळत होता, पण त्याच्याभोवती फिरणारी भिंगं थांबलेली. भिंगं फिरवणाऱ्या मोटरला हात लावला तर चटका बसला आणि जळका वास आला.

दिवा विझला असता तर एक वेळ परवडलं असतं. विझलेला दिवा निदान फसवत नाही. थांबलेल्या भिंगांतून झोत ठरावीक दिशांनाच जातात. त्या झोतात सापडलेल्या होडीला न मिटणारा एक दिवा दिसतो, म्हणजे कुणाच्या तरी बोटीचा किंवा गावातला. शेजारच्या होडीला काहीच दिसत नाही. नारळी पौर्णिमा होऊन आठच दिवस झाले होते, होड्या बाहेर होत्या, चंद्र उगवायला मध्यरात्र व्हायची होती. राखीव दिवा होता, पण त्याची झेप फारच कमी.

बाबल, माझा मदतनीस, काही न बोलता मोटर सोडवून मोकळा झाला. दातेरी चाकं शाबूत होती. त्यांना हाताने फिरवायचं हँडल कपाटात होतं, वर्षानुवर्षं न वापरलेलं. तेल सोडलं, हँडल बसवलं आणि त्याने फिरवायला घेतलं. मी घड्याळाच्या सेकंदकाट्यावर फेरी मोजून सांगत होतो: सावकाश, अजून सावकाश, हां, आता धर.

बाबल गावच्या भजनात पखवाज वाजवायचा. त्या रात्री देवळात जन्माचं भजन होतं आणि पाळी असल्यामुळे तो जाऊ शकला नव्हता. पाच मिनिटांत तो म्हणाला, "साहेब, घड्याळ बंद करा. गावली लय." तोंडाने बोल म्हणत, पायाने ठेका धरत तो हँडल फिरवत राहिला. मी तरीही घड्याळ लावून पाहत होतो. फेरी चुकत नव्हती. इतकं बिनचूक काम मी पुढे कुठल्या यंत्राकडूनही पाहिलं नाही.

बाराला खालून घंटा आणि "गोविंद गोविंद" ऐकू आलं. पूर्वेला डोंगरामागून अर्धा चंद्र वर आला. बाबलची बायको डबा घेऊन किल्ल्यात आली होती: आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ, शेगलाची भाजी. बाबल दिवसभराचा उपाशी. तो जेवायला बसला आणि हँडल मी घेतलं. लोखंडी हँडलाने तळवे लगेच सोलवटले. मन खाली समुद्रावर जायचं, हात पुढे पळायचा, मग सावरायचो. जेवून त्याने पुन्हा घेतलं. पहाटे त्याचे खांदे भरून आले तेव्हा शेवटची पाळी मी केली. उजाडल्यावर दिवा बंद केला, तारेने वरती कळवलं, तिसऱ्या दिवशी मोटर आली.

दहीकाल्याच्या सकाळी बंदरावर गेलो. रात्री बाहेर असलेली एक होडी लागत होती. म्हातारा तांडेल दोर बांधता बांधता म्हणाला, "साहेबानू, रात्री दिव्याक काय झाला होता?"

मी विचारलं, "का? दिसत नव्हता?"

"दिसत होतो. पण मधीच घाई करी होतो. आमी मोजतांव मां. होडी लाटेवर चढली की तेवढ्यात दिवो धरूचो लागता." त्याने बोटं मिटून उघडून दाखवली. "चांद वर इलो तेव्हा थोडो वेळ चुकत होतो. मगे एकदम बरो झालो. आणि परत फाटफटी चुकलो."

मी वर येऊन नोंदवही उघडली. बारा ते साडेबारा आणि चारपासून उजाडेपर्यंत माझं नाव होतं.