वाकडी पट्टी कशाला?

"फळी देखणी आहे हो सर, पण मधली पट्टी वाकडी कशाला? सरळ बसवायची ना." भाजी चिरायच्या लाकडी फळ्या मी करतो हे कळलं की पुढचा प्रश्न हाच. स्टाफरूममध्ये, वखारीत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दहाव्याला नदीवर. घरचे लोक अहिराणीत विचारतात तेव्हा त्याला धार जास्त असते: "हाई वाकडं कसाले रे भो?"

"अशीच, हौस" म्हणून मी वेळ मारून नेतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं नीट सांगतो. पुन्हा विचारू नका.

आधी फुटकळ गोष्टी निकालात काढू. पट्टी रंगवलेली नसते, दुसऱ्या लाकडाची असते. फळी उलटी केलीत तर मागेही तीच दिसेल, कारण ती आरपार असते. फळीला शेंगदाण्याचं तेल चोळू नका, लाकडात ते खवट होतं. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिनची बाटली मिळते, ते लावा. आणि विळी असताना फळी कशाला, यावर मी बोलणार नाही. विळी आमच्याकडेही आहे.

आता पट्टी. पहिल्यांदा ती वाकडी केली ती निव्वळ दाखवायला. माझे वडील, नाना, अमळनेर तालुक्यातले गाडीसुतार. चाक करायचे: मधला तुंबा, त्यातून निघणारे सरळ आरे, बाहेरच्या गोलाईचे पुठ्ठे, सगळं बाभळीचं. रबरी टायरच्या गाड्या आल्या आणि ते काम गेलं, मग चौकटी आणि खाटा. मला त्यांनी रंध्याला हात लावू दिला नाही, शाळा शिकवली. मी गणिताचा मास्तर झालो. चाळिशीत मशिनं घेऊन लाकूडकाम सुरू केलं आणि सरळ पट्टीची पहिली फळी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, "बरी शे" म्हणाले, आणि चहाचा कप तिच्यावर ठेवला.

पुढची पट्टी वाकडी झाली. कारण एवढंच. आज त्या चाळिशीतल्या माणसाला विचारावंसं वाटतं, बाबा रे, कपच ठेवला ना त्यांनी? फळीच होती ती.

ही वाकडी फळी ताईच्या भुसावळच्या नव्या घरासाठी होती. सागवान, ३८ सेंटिमीटर लांब, २६ रुंद. पट्टीसाठी माळ्यावर पडलेला चाकाचा एक जुना आरा घेतला, नानांनी तासलेला. विचारलं नाही. त्याचे २ मिलिमीटरचे तीन काप काढले, गरम पाण्यात भिजवून वाकवले, साच्यात वाळू दिले. सागाची फळी जिगसॉने एस आकारात उभी कापली आणि दोन तुकड्यांच्या मध्ये गोंद लावून तिन्ही काप घातले. बसेनात. वळणाच्या मध्यावर नखाच्या जाडीएवढी फट राहत होती. क्लॅम्प आवळले. आणखी दोन लावले. फट मिटली, कडेने गोंद बाहेर आला, मी खूश. दुसऱ्या दिवशी रंधा, घोटकाम, तेल. सागावर बाभळीची तांबूस रेघ अशी उठली की मी तिचे अकरा फोटो काढले.

वास्तुशांत मार्गशीर्षात झाली. फळी मे महिन्यात उघडली.

सखाराम महाराजांची यात्रा उरकून नाना ताईकडे राहायला गेले होते. त्यांना आणायला मी गेलो त्या दिवशी आमरसाचा बेत होता. ताई ओट्यावर कांदा चिरत होती. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज आला. ताईला वाटलं सुरी मोडली. फळी वळणाच्या बरोबर मध्यावर, पट्टीच्या एका अंगाने उकलली होती. दाजींनी वाकून पाहिलं आणि अगदी सरळ मनाने विचारलं, "सरळ पट्टी असती तर टिकली असती का हो?"

मी म्हणालो, भुसावळचं ऊन आहे दाजी. ४५ अंशांत तुमचे रूळ वाढतात, लाकडाची काय कथा. दाजी रेल्वेत. त्यांनी मान डोलावली.

नाना उठले. त्यांनी फळी हातात घेतली, बोटांनी जराशी ओढली, तशी दुसरी बाजूही सुटली. पट्टी बाजूला ठेवली आणि सागाचे दोन्ही तुकडे ओट्यावर एकमेकांना भिडवले. करवतीने खाल्लेल्या भुशाएवढी फट सोडली तर दोन्ही कडा तंतोतंत मिळाल्या. जोडावरून त्यांनी अंगठ्याचं नख फिरवलं.

"ह्या दोन्ही एकमेकले बसतस. मंग मझार पट्टी कशी बसी?" मझार म्हणजे मध्ये.

मी मुलांना एककेंद्री वर्तुळं शिकवतो. दरवर्षी, खडूने, फळ्यावर. एका कापाच्या दोन्ही कडांची त्रिज्या जवळपास एकच असते. मध्ये ६ मिलिमीटरची पट्टी आली की बाहेरच्या कडेची त्रिज्या तेवढ्याने वाढायला हवी, आणि माझ्या फळीत ती वाढलेली नव्हती. त्यामुळे राहिलेली फट जेमतेम मिलिमीटरभराची. ती मी क्लॅम्पने दाबली आणि गोंद पाच महिने त्या ओढीला तोंड देत राहिला. सागात अंगचं तेल असतं, गोंदाआधी ते थिनरने पुसायचं असतं, तेही केलं नव्हतं. आणि लाकूड आकसतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. माझी पट्टी लांबीला धरून होती, म्हणजे आकसण्यावर खापर फोडता येत नाही. उन्हाने धक्का दिला असेल, जोड आधीच ताणलेला होता. पुठ्ठ्याची आतली गोलाई वेगळी, बाहेरची वेगळी, पुठ्ठ्यांवर चढणाऱ्या लोखंडी धावेचं माप बाहेरून घ्यायचं, हे सातवी पास माणसाला वहीशिवाय ठाऊक होतं.

हे सगळं मला त्याच क्षणी कळलं. आणि मी म्हणालो, "नाही नाना, ऊनच आहे."

त्यांनी वाद घातला नाही. पट्टी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. "आरा शे ना हाऊ?"

हो म्हणालो. परतीच्या गाडीत अमळनेर येईपर्यंत आम्ही पावसावर बोललो.

आता मी राउटर वापरतो, लाकडात खाच पाडणारं मशीन. त्याचं ६ मिलिमीटरचं पातं, म्हणजे बिट, साच्याला धरून फिरवलं की दोन्ही कडा तेवढ्याच अंतराने समांतर निघतात, जेवढं काढलं तेवढंच भरायचं. तशा केलेल्यांपैकी एकही उघडलेली नाही. म्हणजे वाकडी पट्टी चूक नव्हती, असं म्हणायला मी मोकळा आहे, आणि म्हणतोही. पण कशाला, याचं उत्तर त्यात येत नाही. नानांनी नंतर एकदाच विषय काढला: पुठ्ठा कोणी वाकवत नाही, वाकडी बाभूळ शोधून त्यातून काढतात, तू सरळ आरा का वाकवलास? माझ्याकडे तेव्हा उत्तर होतं. वाकड्या लाकडातून २ मिलिमीटरचा काप घेतला तर रेषा तिरप्या तुटतात, वगैरे. दिलं नाही, कारण त्यांनी ते विचारलं नव्हतं. ऊन नव्हतं हेही सांगायचं राहिलं. त्यांना ठाऊकच होतं, असं मी स्वतःला समजावतो. मग सांगायला काय जात होतं?

नाना गेले, तरी मी पट्टी वाकडीच बसवतो. आता कोणाला दाखवायचंय, हे तुम्ही विचारायच्या आत बायकोने विचारलंय.

ताईने त्या फळीचा मोठा तुकडा अजून ठेवलाय. एक कड सरळ, एक एससारखी. ठेच्याच्या मिरच्या त्यावरच चिरते. नवी देतो म्हटलं तर नको म्हणते, हीच ओट्याच्या कोपऱ्यात बरोबर बसते.