मिठीतले फेज मोजताना

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मॅडमनी विषय दिला फेजचा. फेज म्हणजे बॅक्टेरियाला गाठून फोडणारे विषाणू. नमुना कुठून आणायचा हा प्रश्न मुंबईत पडत नाही. कुर्ल्याला मिठी नदीचं (नदी म्हणायचं आपलं!) बाटलीभर पाणी घेतलं, तीन पिशव्यांत गुंडाळलं आणि लोकलच्या गर्दीत पोटाशी धरून आणलं. जिथे मैलापाणी, तिथे ई. कोलाय हा आतड्यातला बॅक्टेरिया, आणि तिथेच त्याचे फेज.

०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं (बॅक्टेरिया अडकतात, फेज निसटतात), ई. कोलायसोबत रात्रभर वाढवलं, पुन्हा गाळलं. इथवर सोपं होतं.

फेज साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाहीत. म्हणून फेज एका नळीतून पुढच्या नळीत दहा-दहा पट पातळ करत न्यायचे. मग पातळ केलेला फेज आणि ताजे बॅक्टेरिया वितळलेल्या सॉफ्ट अगारमध्ये (गार झाला की जेलीसारखा घट्ट होतो) मिसळून प्लेटवर ओतायचे. सकाळी बॅक्टेरियाच्या दुधट थरात जी गोल भोकं दिसतात, ते प्लाक. एक प्लाक म्हणजे सुरुवातीचा एक फेज, असं धरायचं.

माझं पहिलं भांडण सॉफ्ट अगारशी झालं. वॉटर बाथ ४५ अंशांवर हवा. जास्त तापला तर बॅक्टेरियाच मरतात, गार झाला तर ओततानाच गुठळ्या. पहिल्या दिवशीच्या माझ्या प्लेट फाटलेल्या दुधासारख्या दिसत होत्या.

दुसऱ्या खेपेला थर छान आला, पण आकडे वेडे. दहा लाख पट पातळ केलेल्याच्या प्लेटवर २१० प्लाक, एक कोटी पटवर ९६! हवे होते २१ च्या आसपास. मी फेजला दोष देत बसले. मॅडमनी एवढंच विचारलं, "प्रत्येक नळीला पिपेटची टिप बदललीस का गं?"

नव्हती बदलली. टिपा वाचवत होते. आधीच्या नळीतले फेज टिपेला चिकटून पुढच्या नळीत जात होते.

तिसऱ्यांदा टिपांचा अख्खा डबा संपवला. ८४ आणि ९. नऊचा भरवसा नाही. मोजायला ३० ते ३०० मधली प्लेट घेतात. प्लेटवर ०.१ मिलिलिटर टाकलं होतं, म्हणून ८४ गुणिले दहा, गुणिले दहा लाख: मिलिलिटरला ८४ कोटी.

मी उड्या मारायच्या बेतात होते. मॅडम म्हणाल्या, "हे तू रात्रभर वाढवलेले. मिठीत मुळात किती होते?"

सोमवारी परत कुर्ला, परत बाटली.