सकाळी सकाळी वाटीभर हिरवी मिरची

मागच्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी दादा-वहिनीकडं अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्कीला गेलेलो, दीड महिना राहिलो, आणि सांगलीत परत आल्यापासनं कुणीही तिकडचं विचारलं की मी सकाळच्या बरिटोपासनंच सुरुवात करतो.

पोचल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनपासनं टक्क जागा, शेवटी सहाला दादा म्हणाला चल, नाष्टा करून येऊ. ट्विस्टर्स म्हणून तिथलीच हॉटेलांची एक साखळी आहे, गावात बऱ्याच शाखा, तिथं गेलो. दादानं मला न विचारताच दोन ब्रेकफास्ट बरिटो सांगितले, बेकन नको, ग्रीन चिली पाहिजे. मैद्याची मोठी मऊ चपाती, आत परतलेली अंडी, बटाटा, वितळलेलं चीज आणि भाजून सोललेली हिरवी मिरची. पहिला घास घेतला आणि थांबलोच, कारण वास आमच्या स्वयंपाकघरातला होता. आई तव्यावर मिरच्या लसूण भाजून तांब्याच्या बुडानं खर्डा रगडते ना, अगदी तो.

पण खर्डा आपण बोटभर घेतो, तोंडी लावायला. तिथं मिरची हीच भाजी असते, डावभर घालतात. ती मिरचीच वेगळी, वीतभर लांब, गर जाड, तिखट आहे पण आधी भाजल्याची गोडसर धुरकट चव लागते आणि मग जाळ येतो. फाबियान गार्सिया म्हणून एक शास्त्रज्ञ होते, लास क्रूसेसच्या शेतकी कॉलेजात, त्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी जाती निवडून निवडून ही मिरची तयार केली, तिखटपणा कमी नि एकसारखा. रिओ ग्रांदे नदीकाठचं हॅच हे छोटंसं गाव तर मिरचीच्याच नावानं ओळखलं जातं, आपल्या सांगलीचं हळदीनं होतं तसं.

दुसऱ्या पद्धतीचा बरिटो ताटात येतो, वरनं मिरचीचा रस्सा ओतलेला, काट्यानं खायचा. तिथं वेटर बाई विचारतेच, लाल की हिरवी? हा प्रश्न १९९६ साली त्या राज्यानं अधिकृत राज्यप्रश्न म्हणून मंजूर केलाय, खरंच. दोन्ही पाहिजे असेल तर म्हणायचं ‘ख्रिसमस’. लाल म्हणजे हीच मिरची झाडावर पिकवून वाळवलेली. मला हिरवीच आवडली, लाल चांगली असते पण भाजल्याचा वास तिला नाही.

सप्टेंबरात तर सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये जाळीचे मोठे पिंप फिरत असतात, खाली गॅसचा जाळ, आत पोत्यानं मिरच्या, अख्ख्या रस्त्याला वास. लोक पोतं भाजून घेतात, घरी पिशव्या करून फ्रीझरला, वर्षभराची सोय. आपल्याकडं उन्हाळ्यात आई-काकू मिरच्या घेऊन डंकावर वर्षाची चटणी कुटून आणतात तेच हे, फक्त तिथं हिरवी. मिरची मूळची तिकडच्याच खंडातली, आपल्याकडं ती पोर्तुगीजांबरोबर आली, आणि १५१० ला गोवा घेणारा आफोन्सो द आल्बुकर्क, त्याच्याच आडनावासारखं या गावाचं नाव! माणूस मात्र तो नव्हे, १७०६ साली गाव वसलं तेव्हा स्पेनचा व्हाइसरॉय आल्बुरकर्कचा ड्यूक होता, त्याच्यावरनं ठेवलंय.

परत आल्यावर घरी करायचं ठरवलं. आधी खर्ड्याची मिरची घेतली, ती चुकीची, नुसता जाळ, गर नाहीच. मग मंडईतनं भज्याची जाड मिरची आणली. आई म्हणाली भरताच्या वांग्यासारखी भाज की, आणि तिथंच सगळं जमलं. थेट गॅसवर साल काळी होईपर्यंत भाजायची, गरम असतानाच झाकून पंधरा मिनिटं ठेवायची, मग साल आपोआप सुटते, पाण्याखाली धरायची नाही नाहीतर वास धुऊन जातो. बिया काढून बारीक चिरायची, कांदा लसूण परतून त्यात ही घालायची, मीठ, थोडं पाणी. तिखटपणा कमी पडतो म्हणून दहाला दोन साध्या मिरच्या भाजून मिसळतो. चपाती मैदा-गहू निम्मं निम्मं, पातळ लाटायची, नाहीतर गुंडाळताना फाटते.

बाबांनी पहिल्या दिवशी अर्धाच घेतला, मागच्या रविवारी दोन खाल्ले. फ्रीझरमध्ये भाजलेल्या मिरचीच्या चार पिशव्या आहेत, त्यातल्या दोन दादा-वहिनी डिसेंबरात येतील तेव्हासाठी, त्यांना हात लावायचा नाही असं घरात सांगून ठेवलंय.