माझाच लॅपटॉप, माझीच परवानगी

चार दिवस झाले, फोटोंचं फोल्डर उघडायला गेलं की लॅपटॉप मिनिटभर गप्प बसायचा आणि आतून बारीक टकटक यायची. जुना गडी, फिरत्या तबकडीची हार्डडिस्क. म्हटलं, तपासून तरी बघू. कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडली, सीएचकेडीएसके (म्हणजे चेक डिस्क, डिस्क तपासायचा हुकूम), सी, कोलन, स्लॅश आर असं मंत्रासारखं टाइप केलं. उत्तर आलं, ॲक्सेस डिनाइड. तुमच्याकडे पुरेसे अधिकार नाहीत.

माझ्याकडे? बिल माझ्या नावावर, हप्ते मी फेडले, कीबोर्डात अडकलेला चकलीचा चुरासुद्धा माझाच.

मग राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’. स्क्रीन काळवंडला आणि मधोमध चौकट आली, या ॲपला बदल करू द्यायचे का? विचारणारा माझाच लॅपटॉप, हो म्हणणारा मीच. खिडकी तीच, पण कपाळावर आता ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ची पाटी, आणि मघाशी माझ्या नावाच्या फोल्डरात उभा असलेला मी थेट विंडोजच्या गाभाऱ्यात, सिस्टीम ३२ फोल्डरमध्ये. (ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे प्रशासक. मुंबई महापालिकेवर मार्च २०२२ मध्ये आला, तो वर्षानुवर्षं राहिला. माझा बिचारा खिडकी मिटली की जातो.)

विंडोज ९८ ला असले सोपस्कार नव्हते. लाइट जाऊन आली, कॉम्प्युटर लावला, की निळ्या पडद्यावर डिस्क तपासणारा स्कॅनडिस्क आपणहून हजर. परवानगी राहिली बाजूला, वर दम, की विंडोज नीट बंद केलं नव्हतंत, पुन्हा हे ऐकायचं नसेल तर स्टार्ट मेनूतून बंद करत जा. लाइट जायची डीपीवरून, बोलणी खायचो आम्ही.

विचारणारी चौकट आली २००७ मध्ये, विंडोज व्हिस्टाबरोबर. लोक वैतागले होते, मीही. पण तिचं म्हणणं खरं आहे. चेक डिस्क हा तपासनीस फाइलींच्या दारातून आत जात नाही. तो थेट डिस्कवर उतरतो, आणि कुठला तुकडा कुठल्या फाइलचा याची नोंदवहीच दुरुस्त करतो. तलाठ्याचं दप्तर कुठल्याही आलतूफालतू गेमच्या हाती दिलं, तर सातबारा कुणाचा कुणाला लागेल!

तर, अधिकार मिळाले. तरी अडलंच. डिस्क वापरात आहे, पुढच्या वेळी सुरू होताना तपासू? वाय की एन? बरोबर आहे, पाहुणे गादीवर बसलेले असताना चादर बदलता येत नाही. वाय दाबून रीस्टार्ट केला. साडेदहाला सुरू झालेली टक्केवारी अकरावर जी बसली, ती बसलीच. “अहो, तुम्ही बघत बसल्याने ती पळणार आहे का?” आतून आवाज आला. झोपलो.

सकाळी सी ड्राइव्हवर एक लपवलेलं फोल्डर सापडलं, फाउंड डॉट ०००. बेवारस तुकडे तिथे ठेवतात. क्लिक केलं, तर या फोल्डरची तुम्हाला परवानगी नाही! ‘कंटिन्यू’ दाबलं. आत सीएचके शेपटीची एकच फाइल. शेपूट बदलून जेपीजी केलं.

गणपतीतला फोटो निघाला. मखर, झेंडूची माळ, आरतीला उभ्या काकांचं टक्कल. गळ्याखाली सगळं करडं.